मोठं भांडं तुकड्यांत घडवताना: काठ, ओलावा आणि जोडाची रेघ

मातकट

मंडळी, एका गोळ्यातून साधारण ३० सेंटीमीटर उंचीची भांडी आता चाकावर नीट येतात. त्यापुढे जायचं आहे. मनात आहे तो ६० सेंटीमीटरच्या आसपासचा रांजण: तळाशी निमुळता, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात सगळ्यात रुंद, मग खांदा आणि आखूड गळा. ७-८ किलोच्या वरचा गोळा चाकाच्या मध्यावर आणणं मला झेपत नाही, म्हणून दोन भाग वेगळे घडवून जोडते आहे.

जोड सुटत नाही, तडकतही नाही. अडचण वेगळीच आहे. कच्चेपणी जोड इतका गुळगुळीत असतो की बोटालाही लागत नाही. पण ग्लेझच्या, म्हणजे काचेसारख्या लेपाच्या, भट्टीतून भांडं बाहेर आलं की नेमकी तिथेच गोल फिरलेली रेघ दिसते. कधी बारीक उंचवटा, कधी खळगी. पारदर्शक ग्लेझखाली तर फारच उठून दिसते.

ही रेघ येते कुठून? दोन्ही भाग कितपत वाळल्यावर जोडावेत? आणि जोडायचे काठ सपाट ठेवावेत की खाच-जीभ करावी? माती ग्रॉग (भाजून दळलेल्या मातीचे कण) घातलेली स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची) आहे, भट्टी विजेची.

फिरतं चाक

मातकट, तुमच्या तिन्ही प्रश्नांचं मूळ एकाच ठिकाणी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जोड पक्का होणार की नाही, हे दोन भाग एकमेकांवर ठेवण्याच्या आधीच ठरलेलं असतं. काठ जुळले असतील आणि दोन्हींत ओलावा सारखा असेल, तर जोडण्याचं काम काही मिनिटांचं. तसं नसेल तर कितीही स्लिप (पाण्यात कालवलेली माती) लावा, कितीही घासा, भट्टी ते उघडं करतेच.

ओलाव्याचं आधी. चाकावर घडवायच्या मातीत वजनाच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकं पाणी असतं. ते जाताना माती आक्रसते. ओल्यापासून पूर्ण कोरडी होईपर्यंत बहुतेक माती ५ ते ८ टक्के आक्रसते आणि भाजल्यावर एकूण आकडा १० ते १३ टक्क्यांपर्यंत जातो. आता समजा खालचा भाग आदल्या दिवशी घडवला आणि तो ३ टक्के आक्रसला. वरचा आज घडवला, तो अजून ओला. ३० सेंटीमीटरच्या काठावर ३ टक्के म्हणजे ९ मिलीमीटर. घडवताना कॅलिपरनं मोजून दोन्ही काठ तंतोतंत जुळवले होते, तरी जोडायच्या वेळी एक काठ भिंतीच्या जवळपास एका जाडीइतका लहान झालेला असतो. मग आपण दाबून, ओढून तो बसवतो. बसतोही. पण वरचा भाग पुढेही आक्रसत राहणार आणि खालचा त्यामानानं कमी. हा ताण जोडावरच येतो. कधी तडा जातो, कधी नुसता उंचवटा राहतो.

म्हणून दोन्ही भाग एकाच बैठकीत, एकाच मळलेल्या ढिगातून घडवावेत आणि एकाच जागी, एकसारखं झाकून वाळवावेत. माती वेगवेगळ्या पिशव्यांतली असेल तर आधी सगळी एकत्र मळून घ्या. एकाच नावाच्या दोन पिशव्यांतही पाण्याचं प्रमाण वेगळं निघू शकतं.

किती वाळवायचं? भिंत अंगठ्यानं दाबली तर खड्डा पडू नये, पण नख सहज उमटावं. हा मऊ लेदरहार्ड, म्हणजे चामड्यासारखा ताठ पण अजून ओलसर टप्पा. मात्र सगळी भिंत सारखी वाळवू नका. प्लास्टिकची पट्टी ओलसर करून फक्त काठाभोवती दोन बोटं रुंदीत गुंडाळून ठेवा. भिंत वजन पेलण्याइतकी ताठ होते आणि काठ जोड घेण्याइतका मऊ राहतो. मोठ्या भांड्यांच्या कामात सगळ्यात उपयोगाची वस्तू मला ही पट्टी वाटते.

राखाडी

ओलाव्याबद्दल सहमत. वजनाचा हिशेब इथे देऊन ठेवतो, कारण दोन भागांना माती किती घ्यायची हा प्रश्न प्रत्येकाला पडतोच.

बाहेरून ३० सेंटीमीटर रुंद, ३० सेंटीमीटर उंच, भिंत १ सेंटीमीटर जाड असा सरळ नळा धरा. भिंतीच्या मधोमध घेर येतो साधारण ९१ सेंटीमीटर. गुणिले उंची, गुणिले जाडी, म्हणजे सुमारे २७३० घनसेंटीमीटर. ओल्या मातीची घनता २ च्या किंचित खाली असते, म्हणजे नुसत्या भिंतीला ५.३ किलोच्या आसपास माती. तळ सव्वा सेंटीमीटर जाड ठेवला तर त्याला आणखी पावणेदोन किलो. म्हणजे तळासकट खालचा भाग ७ किलो आणि बिनतळाचा वरचा भाग साडेपाच. दोन्हींत छाटणीसाठी थोडी वाढीव धरा. तुमचा तळ निमुळता आहे, त्यामुळे खालच्या भागाला प्रत्यक्षात याहून कमीच लागेल.

म्हणजे तुमचं पूर्ण भांडं तुमच्या ताकदीच्या आत बसतं. हेच एका गोळ्यातून करायचं तर साडेबारा-तेरा किलो एकदम मध्यावर आणावे लागले असते, कोपरापर्यंत हात आत घालून ओढावे लागले असते, आणि ओली भिंत वरचं वजन न पेलून खाली बसली असती. मोठी भांडी तुकड्यांत घडवण्याचं खरं कारण हे शेवटचं आहे. ताकदवान माणसालाही एका ओढीत उंच भांडं करताना खालची भिंत जाड ठेवावी लागते, आणि ती जाडी पुढे तासून काढावी लागते.

काठावरची

बिनतळाचा भाग घडवताना नेमकं काय करायचं? गोळा उघडताना थेट बॅटपर्यंत, म्हणजे चाकावर बसवलेल्या सुट्या फळीपर्यंत, जायचं का? आणि तो उलटा बसवायचा की सुलटा?

फिरतं चाक

हो, बोटं बॅटला लागेपर्यंत उघडायचं आणि माती बाहेर ढकलून कडं करायचं. त्या कड्याचा बॅटला चिकटलेला भाग दाबून घ्या, नाहीतर भिंत ओढताना कडं सुटून फिरायला लागतं.

बसवायचा उलटा, आणि त्याची गंमत अशी की त्यामुळे अवघड आकार सोपा होतो. मातकट यांना खांदा हवाय, म्हणजे रुंद पोटाकडून अरुंद गळ्याकडे जाणारा आकार. तो सुलटा घडवायचा तर भिंत आत झुकवत न्यावी लागते आणि ओली भिंत तिथेच कोसळते. उलटा घडवला तर तो नुसता वाडग्यासारखा वर पसरणारा आकार आहे: बॅटकडे अरुंद, काठाकडे रुंद. तयार झाल्यावर बॅटसकट उलटून खालच्या भागावर ठेवायचा. बॅटकडची बाजू आता वर आली, तिथून गळा निघणार. म्हणून त्या बाजूला माती मुद्दाम जाड सोडा. जोड पक्का झाला की तोच जाड पट्टा थोडा ओला करून मध्यावर आणायचा आणि त्यातून गळा व ओठ ओढायचे. त्या जाड पट्ट्याभोवतीही प्लास्टिक गुंडाळलेलं असू द्या, नाहीतर गळ्याच्या वेळी माती ताठ झालेली असते.

काठाच्या आकाराबद्दल. खालच्या भागाचा काठ भिंतीच्या दीडपट रुंद ठेवा. मी त्याला आतल्या बाजूला हलका उतार देते, बाहेरची कड उंच, आतली खाली. वरच्या भागाला त्याला जुळणारा उलट उतार. त्यामुळे वरचा भाग बाहेर सरकू शकत नाही. खोल खाच आणि जीभ मी करत नाही. ती बसली तर छान, पण थोडीही लहान-मोठी झाली तर तळाशी पोकळी राहते आणि ती आतून-बाहेरून कुठूनच दिसत नाही.

ओलसर

मी गेली कित्येक वर्षं सपाट काठच जोडतो. खरवडून खाचा पाडायच्या, स्लिप, दाब. कधी त्रास नाही. उताराचे काठ जुळवणं नवख्याला अवघड जातं. सपाट काठाला एकच गोष्ट सांभाळायची: तो खरोखर सपाट हवा. सुईनं काठ समतल कापून घ्या. चाक फिरताना काठावर बोट ठेवलं आणि ते वरखाली झालं, तर तेवढ्या उंचीची फट जोडात राहणार.

फिरतं चाक

ओलसर, सपाट काठ चालतो हे मान्य. सरळ नळ्यावर मीही तेच करते. पण मातकट यांच्या आकारात जोड पोटाच्या जवळ येणार, तिथे वरच्या भागाचं वजन काठाला बाहेर ढकलतं. तेवढ्यासाठी उतार.

भट्टीशेजारी

जोड नेमका कुठे घ्यायचा यावर थोडं. सगळ्यात रुंद जागी भिंत क्षणभर उभी असते. तिथे वजन सरळ खाली जातं, जोडावर नुसता दाब येतो. पोटाच्या बऱ्याच खाली, भिंत बाहेर झुकलेली असताना जोड घेतला तर तिथे दाबासोबत वाकही येतो. म्हणून मी जोड रुंद जागी किंवा तिच्या बोटभर वर घेतो.

कोरियातल्या जोसॉन राजवटीच्या काळातल्या पांढऱ्या पोर्सेलीनच्या (चिनी मातीच्या) चंद्र-घागरी पाहा, १७ व्या शतकाच्या शेवटापासून १८ व्या शतकापर्यंतच्या. ४० सेंटीमीटर आणि त्याहून मोठ्या, जवळपास गोल. दोन अर्धगोल वाडगे घडवून तोंडाला तोंड लावून जोडलेले. जोड बरोबर पोटावर. भाजताना पोर्सेलीन मऊ होतं आणि जोडाच्या जागी आकार किंचित बसतो, त्यामुळे या घागरी पूर्ण गोल कधीच नसतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधली घागर बर्नार्ड लीच यांनी १९३५ मध्ये सेऊलमधून नेली होती आणि ती पुढे बरीच वर्षं लूसी री यांच्याकडे होती. दोघेही स्वतः कुंभकाम करणारे. जोडाच्या त्या किंचित बसकेपणासकट ती त्यांना जवळ ठेवावीशी वाटली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मातकट, तुमची रेघ घालवायचे उपाय इथे मिळतीलच. पण रेघ घालवायचीच आहे का, हेही एकदा ठरवा.

मातकट

भट्टीशेजारी, घागरींचं उदाहरण आवडलं. पण तिथला जोड अख्ख्या आकाराचा भाग झालाय. माझ्याकडे तो मध्येच आलेल्या दोऱ्यासारखा दिसतो. मला निदान तो माझ्या ताब्यात असायला हवाय. दाखवायचा तर मी दाखवेन.

फिरतं चाक

अगदी योग्य. रेघेची कारणं सांगते, म्हणजे खळगी येते तेव्हा काय झालं आणि उंचवटा येतो तेव्हा काय झालं ते कळेल.

खळगी येते ती स्लिपमुळे. स्लिप म्हणजे तीच माती, पण पाणी कितीतरी जास्त. ती भिंतीपेक्षा जास्त आक्रसते. जोडाच्या फटीत स्लिप भरून वरून गुळगुळीत केली, तर कच्चेपणी पातळी सारखी दिसते आणि वाळताना, भाजताना ती पट्टी आत बसते. म्हणून स्लिप फक्त खरवडलेल्या पृष्ठभागाला, साईसारखी दाट आणि पातळ थरात. दाबल्यावर बाहेर आलेली स्लिप पसरवू नका, काढून टाका. फट भरायची असेल तर स्लिपनं भरू नका, भांड्याइतक्याच ताठ मातीची बारीक वळी लाटून ती दाबून बसवा. आतून तर ही वळी नेहमीच घालावी.

उंचवटा येतो तो दोन कारणांनी. एक, काठ दीडपट रुंद ठेवला होता आणि जोडल्यावर ती जास्तीची जाडी भिंतीत पसरवलीच नाही. दुसरं, फक्त वरवर घासलं. चाकावर घडवताना मातीचे चपटे कण ओढीच्या दिशेनं रांगेत बसतात. जोडाच्या जागी दोन काठांवरचे कण वेगळ्याच दिशेला असतात. ओल्या स्पंजनं फिरवत गुळगुळीत केलं तर वरचा पापुद्रा एकसारखा होतो, आतली मांडणी तशीच राहते. भट्टीच्या उष्णतेत माती पुन्हा मऊ होते तेव्हा ती वर येते.

यावर काम करायचं ते जोडाला आडवं. आत एक हात, बाहेर रिब (भिंतीवरून फिरवायची चपटी पट्टी), आणि जोडाच्या खाली चार बोटांपासून वर चार बोटांपर्यंत उभे दाब, भांडं थोडं थोडं फिरवत पूर्ण घेरभर. मग चाक सुरू करून त्याच पट्ट्यावरून अगदी कमी पाण्यात दोन-तीन हलक्या ओढी काढा, म्हणजे जास्तीची जाडी वर-खाली विभागली जाते. बोटं जोडावरून जाताना भिंत जाणवायला नको. जाणवली तर तिथे अजून माती आहे.

दुसऱ्या दिवशी लेदरहार्ड झाल्यावर आत टेकूसाठी गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्यानं त्या पट्ट्यावर हलकं थापटा. हा तोच जुना उपाय, ज्यानं जाड घडवलेलं मडकं थापटून मोठं आणि पातळ करतात. थापटल्यावर दातेरी पट्टीनं आडवं-उभं खरवडा, प्लास्टिकखाली रात्रभर ठेवा, मग सपाट पट्टीनं पुन्हा खरवडा. रात्रीत कुठे माती वर आली असेल तर ती या दुसऱ्या खरवडीत निघते. एकाच दिवसात सगळं आटपलं की हा टप्पा राहून जातो.

काठावरची

आडवं काम करायचं हे कुठेच वाचलं नव्हतं. धन्यवाद!

एक शंका: सगळेच "मऊ लेदरहार्ड" म्हणतात, पण चीनमध्ये जिंगडेझेनला मोठ्या पोर्सेलीनच्या फुलदाण्यांचे भाग चांगले कोरडे झाल्यावर जोडतात, असं मी पाहिलं आहे. मग ओलाव्याचा नियम तिथे कसा लागू होतो?

राखाडी

तिथेही तोच नियम आहे. तिथे सगळे भाग सारखेच कोरडे असतात. आक्रसण्याचा मोठा भाग आधीच होऊन गेलेला, त्यामुळे पुढे एक भाग दुसऱ्याला ओढत नाही. भाग कोरडे असताना आतून-बाहेरून तासून पातळ करतात आणि मग त्याच मातीच्या स्लिपनं जोडतात. कोरडी माती स्लिपमधलं पाणी झटकन शोषते आणि जोड लगेच धरतो. पण त्यासाठी काठ इतके अचूक तासावे लागतात की जुळवाजुळवीला जागाच उरत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या एकच काम करणाऱ्या हातांची पद्धत आहे, आणि माती बारीक, ग्रॉगशिवायची. ग्रॉगच्या स्टोनवेअरला मी ती सुचवणार नाही. कोरड्या काठावरून ग्रॉगचे कण सुटतात आणि काठ खडबडीत होतो.

ओलसर

मातकट, दोन भाग जोडण्याऐवजी वळी लावून ओढायची पद्धत का करत नाही? खालचा भाग घडवा, ताठ होऊ द्या, त्याच्या काठावर मनगटाएवढी जाड वळी बसवा, दाबून एकजीव करा आणि चाकावरच ती मध्यावर आणून भिंत ओढा. मग पुन्हा वळी. उलटवणं नाही, दोन काठ जुळवणं नाही, मोठ्या बॅट उचलणं नाही.

ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या थ्राप्सानो गावात पिथोस, म्हणजे साठवणीचे मोठे रांजण, परंपरेनं असेच करत आले आहेत. जमिनीत खणलेल्या चराच्या कडेनं ठेंगणी चाकं एका ओळीत मांडलेली असतात. प्रत्येक चाक मदतनीस हातानं फिरवतो. कारागीर पहिल्या भांड्याला एक टप्पा चढवतो, दुसऱ्याकडे जातो, तिसऱ्याकडे. ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं भांडं उन्हात पुढचा टप्पा पेलण्याइतकं ताठ झालेलं असतं. वाळण्याची वाट पाहणं हाच तिथे कामाचा क्रम झाला आहे.

फिरतं चाक

पद्धत उत्तमच आहे, आणि मीटरभर उंचीच्या पुढे मीही तीच घेते. पण मातकट यांच्यासाठी मी दोन भागच म्हणेन. वळी मध्यावर आणताना ती भांड्याच्या काठावर, म्हणजे चाकापासून ३०-४० सेंटीमीटर उंच असते. तिथे हाताला टेकू नसतो, कोपर मांडीवर किंवा चाकाच्या कडेवर टेकत नाही. खालचा भाग किंचित जरी मध्यावरून सरकलेला असेल तर वळी तो दोष दुप्पट करून दाखवते. वेगळ्या घडवलेल्या भागांत दोन्ही वेळा काम चाकाजवळच राहतं. शिवाय खांद्याचा आत येणारा आकार वळीनं चढवणं फार कठीण.

ओलसर

खांद्याचा मुद्दा पटला. सरळ किंवा वर पसरणाऱ्या आकाराला मात्र वळीच घ्या.

मातकट

दोन भागच करते आधी. जोडण्याच्या क्षणाचा क्रम कोणी सांगेल का? माझी तिथेच धांदल होते. उलटवलेला भाग टेकवला की तो जिथे टेकला तिथेच चिकटतो.

भट्टीशेजारी

कारण तुम्ही बहुधा स्लिप लावून मग जुळवताय. आधी कोरडं जुळवा. खालचा भाग त्याच्याच बॅटवर चाकावर, वरचा उलटून स्लिपशिवाय अलगद ठेवा. चाक अगदी हळू फिरवा, वरचा भाग डोलतो का बघा, बोटानं हलके टोचे देऊन मध्यावर आणा. समाधान झालं की दोन्ही भागांवरून जोडाला छेदणाऱ्या तीन-चार उभ्या रेघा सुईनं ओढा. मग वरचा भाग उचला, दोन्ही काठ खरवडा, स्लिप लावा आणि रेघा जुळवून एकदाच ठेवा. हवा तेवढा वेळ पहिल्या फेरीत घ्या. दुसरी फेरी काही सेकंदांत संपायला हवी.

मग बॅटवरून खाली, घेरभर सारखा दाब. बॅट लगेच काढू नका. बाहेरून जोड बोटांनी बंद करा, थोडं थांबा, मग वायर बॅटला घट्ट चिकटवून ओढा आणि बॅट उचला. आता वरून हात आत जातो, आतली वळी बसवा.

आत हात पुरला नाही तर लाकडी रिब काठीला बांधून घ्या. आणि कामाच्या समोर एक आरसा टेकवून ठेवा. मोठ्या भांड्यावर वाकून काम करताना आकार वरून दिसतो, बाजूनं नाही. आरशात खरा आकार कळतो आणि सारखं उठून मागे जावं लागत नाही.

एवढ्या आकाराचं भांडं एकट्यानं उलटवू नका.

काठावरची

वाळवायला घाई असेल तर हीट गन चालते ना?

फिरतं चाक

चालते, चाक फिरत ठेवून आणि गन सतत वर-खाली हलवत. काठ सोडून. एका जागी धरली तर बाहेरचं कातडं कोरडं आणि आतली माती ओली राहते. भिंत ताठ वाटते आणि वजन आलं की आतून बसते. दोन मिनिटं उष्णता द्या, मग थांबा, ओलावा आतून बाहेर येऊ द्या, पुन्हा द्या. कोरियातले ओंग्गीचे (साठवणीच्या मातीच्या बरण्यांचे) कारागीर मोठ्या बरणीच्या आत निखाऱ्यांचं भांडं टांगतात, म्हणजे खालची भिंत आतून वाळते आणि वर काम चालू राहतं. आतून वाळवण्यामागचा विचार मला फार पटतो, कारण बाहेरच्या बाजूला हवा लागतेच, आत दमट हवा कोंडून राहते.

मातकट

आता भट्टीचं. आतली उंची ५८ सेंटीमीटर आहे. ६० चं भांडं आक्रसून मावेल, असं मी धरून चाललेय.

राखाडी

नुसतं भांडं जेमतेम मावेल, पण हिशेब नीट करा. भाजल्यावरचा आकडा इथे उपयोगाचा नाही. भट्टीत जाताना भांडं फक्त कोरडं असतं. तुमची माती ओल्यापासून कोरडी ६ टक्के आक्रसत असेल, तर ६० चं होईल ५६.४. त्याखाली शेल्फ आणि त्याचे टेकू आले की झाकण लागणार नाही. शेल्फची जाडी आणि टेकू धरून वरून दोनेक सेंटीमीटर मोकळे राहतील अशी उंची ठरवा, म्हणजे ओलं भांडं ५५ च्या आत ठेवा. १२ टक्के एकूण आक्रसण्यानं ते शेवटी ४८ च्या आसपास येईल. रुंदीचाही असाच हिशेब करा, कारण भांडं भट्टीच्या तापणाऱ्या तारांच्या अगदी जवळ गेलं तर एका बाजूनं जास्त तापतं.

आधी त्याच मातीची १० सेंटीमीटरची पट्टी करून वाळवा, भाजा, मोजा. पिशवीवरचा आकडा तुमच्या ओलाव्याला आणि तुमच्या तापमानाला लागू असेलच असं नाही.

भट्टीशेजारी

दोन गोष्टी तळाबद्दल. मोठा तळ आक्रसताना फळीला चिकटून राहिला तर मधून तडकतो. वाळताना खाली वर्तमानपत्र किंवा ग्रॉगचा पातळ थर असावा. भट्टीतही शेल्फवर ग्रॉग किंवा त्याच मातीची पातळ चकती ठेवा, म्हणजे भांडं तिच्यासोबत आक्रसतं आणि शेल्फला घासत नाही. दुसरं, घडवताना तळ रिबनं मध्यापासून बाहेर आणि परत मध्याकडे नीट दाबून घ्या. ३० सेंटीमीटरच्या तळाला हे दाबणं राहिलं तर एसच्या आकाराची चीर जवळपास ठरलेली.

वाळवताना गळा आणि जोडाचा वरचा भाग झाकून ठेवा, खालचा उघडा. पातळ भाग आधी वाळतात, त्यांना धरून ठेवायचं. एवढ्या जाडीला दोन-तीन आठवडे द्यायची तयारी ठेवा.

बिस्कच्या, म्हणजे ग्लेझआधीच्या पहिल्या, भट्टीत सुरुवातीचे कित्येक तास ८०-९० अंशांवरच. अडकलेल्या हवेनं भांडं फुटतं असं म्हणतात, पण फोडते ती वाफ. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १६०० पट जागा लागते, आणि जोडाच्या आतला ओलावा सगळ्यात शेवटी निघतो. झडपेच्या छिद्रासमोर आरसा धरा. त्यावर दमटपणा येत असेल तर अजून पाणी निघतंय, थांबा. पुढे ६०० अंशांपर्यंत ताशी ५०-६० अंश पुरे. ५७३ अंशांना मातीतला क्वार्ट्‌झ रूप बदलतो आणि एकदम प्रसरण पावतो. तिथून हळूच जायचं. थंड होतानाही तोच टप्पा पुन्हा येतो, म्हणून झाकण लवकर उघडण्याचा मोह नको.

मातकट

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवलंय: ओली उंची ५४. खालचा भाग तळापासून पोटापर्यंत, वरचा खांद्याचा उलटा घडवलेला. माती एकत्र मळून एकाच बैठकीत दोन्ही. काठ दीडपट, आत उतार. आधी पट्टीची चाचणी.

जोडाचं म्हणाल तर तो पोटाच्या बोटभर वर घेणार आहे आणि यावेळी लपवणार नाही. खालच्या भागावर दाट रंगीत स्लिप, वरचा भाग उघडा, आणि जोडाच्या जागी लेदरहार्ड असताना कोरलेली एक खोल रेघ. तिथे ग्लेझ साचेल. थापटणं आणि दोन वेळची खरवड तरीही करणारच.

फिरतं चाक

छान ठरलं. फक्त ती कोरीव रेघ नेमकी जोडावर नको, बोटभर खाली घ्या. जोडावर कोरली तर भिंत जिथे जाड आणि पक्की हवी तिथेच पातळ होते. डोळ्याला ती जोडाचीच वाटेल.

आणि रंगीत स्लिप लावायची असेल तर दोन्ही भाग जोडून, थापटून, पहिली खरवड झाल्यावर. त्याआधी लावली तर खालचा भाग पुन्हा पाणी पितो आणि ओलावा जुळवण्याची सगळी मेहनत वाया.